सोंगटी दोन ठिकाणी का नसते?

व्याख्यान संपून प्रश्नोत्तरं सुरू झाली की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात ‘आता कसं पकडलं’ अशी गंमतही असते. “तुम्ही सांगता, इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी जातो. सगळ्या वस्तू इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्याच बनलेल्या. मग कॅरमची राणी एकाच फटक्यात दोन पॉकेटांत का जात नाही?”

प्रश्न फार चांगला आहे. त्याला सहसा मिळणारं उत्तर मात्र तितकं चांगलं नाही.

१. वेस कुठे आहे?

ते उत्तर असं: लहान वस्तूंना क्वांटमचे नियम लागू होतात, मोठ्यांना न्यूटनचे. ऐकायला सोयीचं आहे, पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. लहान म्हणजे किती? एक अणू लहान, मग शंभर अणू? लाख? एका गावाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू व्हावी तशी वेस निसर्गात कुठेतरी असायला हवी. क्वांटमच्या समीकरणांत तिचा मागमूस नाही. ती इलेक्ट्रॉनला लावा, धुळीच्या कणाला लावा, चंद्राला लावा. समीकरणं स्वतःहून कुठेही ‘आता पुरे’ म्हणत नाहीत.

म्हणजे न्यूटनची भौतिकी (शास्त्रज्ञ तिला अभिजात भौतिकी म्हणतात) हा वेगळा कायदा नाही. ती क्वांटमच्याच पोटातून निघाली पाहिजे. कशी निघते, ते या प्रकरणात पाहू.

आधी इलेक्ट्रॉनचं वागणं डोळ्यांसमोर आणू. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिबारीक तारेच्या दोन्ही बाजूंनी जाता येईल अशा रीतीने इलेक्ट्रॉन सोडले, तेही एका वेळी एकच. प्रत्येक इलेक्ट्रॉन समोरच्या पडद्यावर एकच ठिपका उमटवी. पहिले काही ठिपके विस्कटलेले, कुठेही पडल्यासारखे. पण हजारो ठिपके साचल्यावर पडद्यावर उजळ-काळे पट्टे उभे राहिले. ठिपक्यांच्या रांगोळीत आकार हळूहळू उमटत जावा, तसे. प्रत्येक इलेक्ट्रॉन तारेच्या एकाच बाजूने गेला असता, तर हे पट्टे पडलेच नसते. त्याची लाट दोन्ही बाजूंनी गेली आणि पलीकडे स्वतःतच मिसळली. जिथे शिखरावर शिखर आलं तिथे उजळ पट्टा, जिथे शिखरावर दरी आली तिथे काळा. या मिसळण्याला व्यतिकरण म्हणतात. आपल्या राणीला व्यतिकरण का जमत नाही, एवढाच खरं तर प्रश्न आहे.

२. शिट्टी ऐकू येते, कुकर दिसत नाही

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ती तुम्हाला ऐकू येते, कुकर मात्र दिसत नाही. आवाज दाराच्या कडेवरून वळून येतो, प्रकाश वळत नाही. आता, प्रकाशही तरंगच आहे. मग हा भेदभाव का?

फरक तरंगलांबीचा आहे, म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराचा. आपल्या कानावर पडणाऱ्या आवाजांत हे अंतर वीतभर, हातभर, कधी त्याहून जास्त असतं. दाराची रुंदीही त्याच मापातली, म्हणून लाट तिथे सहज वळते. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोनहजाराव्या भागाएवढी. तिच्या मानाने दार म्हणजे महासागर. त्यामुळे प्रकाश सरळ रेषेत जातो असं आपल्याला वाटतं, आणि आरसे, भिंगं, सावल्या यांचं गणित नुसत्या रेषा काढून सुटतं. ‘किरण’ ही वस्तू मुळात नाहीच. लाट फार बारीक असली की तिचं जे दिसतं, त्याला आपण किरण म्हणतो.

किरणांचं गणित आणि फिरत्या ग्रहांचं गणित एकाच साच्यातलं आहे, हे विल्यम रोवान हॅमिल्टनला १८३० च्या दशकातच दिसलं होतं. का, ते कळायला नव्वद वर्षं जावी लागली. १९२४ मध्ये लुई द ब्रॉयने मांडलं की प्रत्येक वस्तूला तरंगलांबी असते. ती काढायची रीत सोपी आहे: प्लांकचा स्थिरांक घ्या, त्याला वस्तूचं वस्तुमान गुणिले वेग याने भागा. प्लांकचा स्थिरांक हा निसर्गाने ठरवलेला एक चिमुकला आकडा. किलो-मीटर-सेकंदाच्या मापात लिहायचा, तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्यं देऊन मग ६६२६ लिहावे लागतात.

आता राणी घ्या. वस्तुमान सुमारे ५ ग्रॅम, वेग सेकंदाला एक मीटर. भागाकार केला की तरंगलांबी येते ती प्रोटॉनच्या रुंदीच्याही सुमारे एकावर १६ शून्यं इतक्या पटींनी लहान. या लाटेला वळवायला आणि मिसळायला लावील अशी फट बनवायची कशाची? अणू तर तिच्यापुढे अवाढव्य ठरतात.

हाच मुद्दा अनिश्चितता तत्त्वाच्या वाटेने तपासू. हायझेनबर्गचं १९२७ चं हे तत्त्व सांगतं की जागा जितकी नेमकी, तितका वेग अनिश्चित. समजा, राणीची जागा आपल्याला एका अणूच्या रुंदीइतकी नेमकी ठाऊक आहे. तिच्या वेगात येणारी अटळ अनिश्चितता इतकी क्षुल्लक आहे, की विश्वाच्या आजवरच्या सगळ्या वयात, म्हणजे १३८० कोटी वर्षांत, तिच्यामुळे राणीची जागा सुमारे ०.०५ मिलिमीटरने पुसट होईल. एका बारीक केसाएवढी! इलेक्ट्रॉनला तेवढ्याच जागेत कोंडलं, तर त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर निघते. विमानाच्या सरळ मार्गाने मुंबई-पुणे चार-पाच वेळा व्हावं एवढी. नियम तोच. वस्तुमान बदललं, बाकी काही नाही.

३. झोपाळ्याला धक्के

पण सोंगटी ‘न्यूटनच्याच’ वाटेने का जाते, हे अजून सांगितलेलं नाही. त्याचं मला सगळ्यांत देखणं वाटणारं उत्तर रिचर्ड फाइनमनने १९४८ मध्ये दिलं.

फाइनमन म्हणतो, ‘इथून’ ‘तिथे’ जाणारा कण एकच वाट निवडत नाही. शक्य असलेल्या सगळ्या वाटा त्यात हातभार लावतात. सरळ वाट, वाकडी वाट, बोर्डाला तीन फेऱ्या मारून येणारी वाट, सगळ्या. आणि कोणत्याही वाटेला दुसरीपेक्षा जास्त वजन नाही.

अंगणात एक मोठा झोपाळा आहे आणि हजार माणसं त्याला धक्के देत आहेत, असं समजा. सगळ्यांचे धक्के सारखेच जोरदार, फक्त वेळ ज्याची-त्याची. जे एका ठेक्यात धक्के देतात त्यांच्यामुळे झोपाळा उंच जातो. ज्यांचा ठेका जमत नाही, त्यांच्यातला एक पुढे ढकलतो तर दुसरा मागे, आणि त्यांची बेरीज शून्य होते. वाटांचंही असंच. प्रत्येक वाटेचा धक्का कोणत्या क्षणी पडेल, हे त्या वाटेच्या ‘क्रियेवर’ ठरतं. क्रिया म्हणजे गतीची ऊर्जा वजा स्थितीची ऊर्जा, यांची वाटभर क्षणोक्षणी केलेली बेरीज. तिला प्लांकच्या स्थिरांकाने भागलं की ठेका मिळतो. राणीच्या बाबतीत क्रिया स्थिरांकाच्या इतकी प्रचंड पट असते, की वाट किंचित हलवली तरी ठेका पार उलटतो. त्यामुळे शेजारशेजारच्या वाटा एकमेकींना खोडून काढतात.

एका जागी मात्र हे घडत नाही. परातीच्या उतरत्या कडेला बोट थोडं सरकवलं की उंची बदलते. तळाशी सरकवलं तर जवळपास बदलत नाही. क्रियेचा असा ‘तळ’ जिथे असतो, तिथल्या शेजारच्या वाटांची क्रिया जवळपास सारखीच, म्हणून ठेकाही सारखा. त्यांचे धक्के साचतात. आणि ही तळाची वाट म्हणजे नेमकी न्यूटनच्या नियमाने निघणारी वाट! (ती दरवेळी तळच असते असं नाही, सपाट जागा असली तरी पुरते. पण परात चांगली आहे, ती राहू द्या.) सोंगटीला सरळ रेषेत जायचं कुणी शिकवलेलं नाही. बाकीच्या वाटांनी एकमेकींना संपवल्यावर जी उरते, ती सरळ असते.

इलेक्ट्रॉन अणूत असतो तेव्हा त्याची क्रिया प्लांकच्या स्थिरांकाच्याच मापातली असते. वाटा बऱ्याच हलवल्या तरी ठेका फारसा बिघडत नाही, खोडाखोड अर्धवट राहते, आणि ‘कक्षा’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

याच संदर्भात आणखी दोन नावं वाचनात येतील. बोर म्हणाला होता की अणूतला इलेक्ट्रॉन खूप वरच्या पातळ्यांवर नेला की क्वांटमची आणि जुन्या भौतिकीची उत्तरं जुळू लागली पाहिजेत. एरनफेस्टने १९२७ मध्ये दाखवलं की लाट पुरेशी आटोपशीर असेल, तर तिची सरासरी जागा न्यूटनच्या नियमाने चालते. यातला ‘आटोपशीर असेल, तर’ हा भाग पुस्तकं घाईने ओलांडून जातात. पुढची सगळी गोष्ट त्या ‘तर’मध्ये आहे.

४. शनीचा बटाटा

शनीला हायपेरियन नावाचा चंद्र आहे. शोध लागला १८४८ मध्ये. लांबी सुमारे ३६० किलोमीटर, आकार ओबडधोबड बटाट्याचा, आणि जवळून काढलेल्या छायाचित्रांत तो स्पंजासारखा दिसतो. आपला चंद्र शिस्तीने एकच बाजू दाखवत फिरतो, हायपेरियन मात्र कोलांट्या खात जातो. त्याचं स्वतःभोवती फिरणं अस्ताव्यस्त आहे: सुरुवातीच्या स्थितीत जराशी अनिश्चितता असली, तर ती ढोबळमानाने महिन्याभरात दुप्पट होते.

दुप्पट होणं किती भयंकर, ते बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या गोष्टीतून आपल्याला ठाऊक आहे. एखादी गोष्ट २०० वेळा दुप्पट केली की ती एकावर ६० शून्यांहून अधिक पट होते. क्वांटमची अनिश्चितता हायपेरियनच्या मानाने कितीही क्षुल्लक असो, एवढ्या दुपटी तिला पुरतात. वॉयचेख झुरेक या भौतिकशास्त्रज्ञाने अंदाज काढला तो सुमारे २० वर्षांचा. म्हणजे हायपेरियन अगदी एकटा असता, तर वीसेक वर्षांत त्याची लाट इतकी पसरली असती की तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, या प्रश्नाला उत्तर राहिलं नसतं. शोध लागून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, तरी दुर्बिणीत तो कोणत्याही क्षणी शहाण्यासारखा एकाच दिशेला तोंड करून दिसतो.

(हा हिशोब सगळ्यांना पटलेला नाही. दुर्बिणीतून दिसणाऱ्या ढोबळ गोष्टींत फरक पडलाच नसता, असं काही जण म्हणतात. वाद तांत्रिक आहे. पण लाट पसरते, हे कुणीच नाकारत नाही.)

वस्तू मोठी असणं पुरेसं नाही, ते असं. एर्विन श्रोडिंगरने १९३५ मध्ये आपलं प्रसिद्ध मांजर पेटीत बसवलं, तेव्हा त्यालाही हेच खुपत होतं. एका अणूचा दुहेरीपणा साखळीने वाढवत नेला की मांजरही ‘जिवंत आणि मेलेलं’ व्हायला हवं. मग होत का नाही?

५. चाळीत गुपित राहत नाही

चाळीतल्या एका खोलीत पाहुणा आला आहे आणि तो आल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही. दार बंद, पडदा ओढलेला. पण दाराबाहेर अनोळखी चपला आहेत. बोंबील तळल्याचा वास गॅलरीभर पसरला आहे. दाराखालच्या फटीतून उजेड येतो आहे. शेजाऱ्यांनी डोकावायची गरजच नाही. किंबहुना सगळे शेजारी गावी गेले असले, तरी बातमी फुटलेली आहे, चपलांच्या रूपात ती बाहेर पडलेली आहे.

व्यतिकरणाची अट अशी, की वस्तू कोणत्या वाटेने गेली याची खूण जगात कुठेही उरता कामा नये. एक खूण उरली तरी दोन वाटांच्या लाटांना ती चिकटते, त्या वेगळ्या पडतात आणि मिसळू शकत नाहीत. खूण कुणी वाचली की नाही, हा प्रश्नच नाही. ‘निरीक्षकाच्या मनामुळे’ लाट कोसळते, म्हणजे अनेक शक्यतांतली एकच उरते, असं सांगणाऱ्या पुस्तकांवर खर्च झालेला कागद मला वाया गेलेला वाटतो. हवेचा एक रेणू पुरतो.

या बातमी फुटण्याला डीकोहिअरन्स म्हणतात: लाटांचा आपसातला ताळमेळ परिसरात पांगून जाणं. डिटर झेह या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. १९८० च्या दशकात झुरेकने तिचं गणित पक्कं केलं.

किती वेगाने फुटते बातमी? दहा मायक्रॉनचा धुळीचा कण घ्या, उन्हाच्या तिरिपेत तरंगणाऱ्या कणांसारखा. खोलीतल्या हवेचे रेणू त्याच्यावर सेकंदाला साधारण एकावर १८ शून्यं इतक्या वेळा आदळतात. प्रत्येक आदळणारा रेणू त्याच्या जागेची बातमी घेऊन उडतो. हवा काढून टाका, दिवे मालवा, कण ताऱ्यांपासून दूर गडद अवकाशात नेऊन ठेवा. तिथेही महास्फोटाची उरलेली ऊब, पूर्ण शून्याच्या जेमतेम २.७ अंश वरची, त्याला चुकत नाही. झेह आणि एरिख योस यांच्या १९८५ च्या हिशोबावरून दिसतं, की त्या कणाला स्वतःच्या रुंदीइतक्या अंतरावरच्या दोन जागी ठेवलं, तर एवढी ऊबही तो दुहेरीपणा सेकंदाच्या आसपास मोडून टाकते. हायपेरियनवर तर सूर्यप्रकाश पडतो. आपल्याला तो दिसतो, याचाच अर्थ बातमी फुटली आहे.

हे कागदावरच राहिलेलं नाही. व्हिएन्नात आंटोन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंचे फुटबॉलसारखे रेणू बारीक जाळीतून सोडले आणि व्यतिकरणाचे पट्टे मिळवले. मग तिथल्या संशोधकांनी मुद्दाम खोडी काढली. २००३ मध्ये त्यांनी ७० अणूंच्या रेणूंच्या वाटेत थोडा वायू सोडला. वायू वाढवत नेला तसे पट्टे पुसट होत गेले, गणिताने सांगितलं होतं तसेच. २००४ मध्ये त्यांनी रेणूच लेसरने तापवले, १००० ते ३००० केल्विनपर्यंत. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश फेकू लागतो, जणू लपलेला पाहुणाच गुणगुणायला लागला. पुन्हा पट्टे हळूहळू मावळले. मधली गंमत अशी की १९९९ चे रेणूही थंड नव्हते, भट्टीतून निघालेले होते. पण त्यांची ऊब लांब तरंगलांबीची आणि मोजकी. त्या उजेडात दोन शेजारच्या फटी वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून बातमी फुटत नव्हती.

पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने १९९६ मध्ये दोन आरशांमध्ये कोंडलेल्या थोड्याशा फोटॉनांना दुहेरी अवस्थेत ठेवून तो दुहेरीपणा विरताना टप्प्याटप्प्याने पाहिला. दोन अवस्थांमधलं अंतर जितकं जास्त, तितका तो लवकर विरला. श्रोडिंगरच्या मांजराचं हे पिल्लूच म्हणायचं. आरोश यांना २०१२ चं नोबेल मिळालं, डेव्हिड वाइनलंड यांच्याबरोबर.

६. आकार की एकांत?

आता वेशीकडे परत येऊ. वेस वस्तूच्या आकारात शोधणारे चुकीच्या रस्त्यावर होते, असं मला वाटतं. पाहायचं ते वस्तूला एकांत किती मिळतो, हे. मोठ्या वस्तूला तो मिळणं अवघड, एवढाच आकाराचा संबंध.

एकांत मिळवून दिला तर मोठ्या वस्तूही क्वांटमसारख्या वागतात. व्हिएन्नातच २०१९ मध्ये सुमारे २००० अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दिसलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९८४-८५ मध्ये, कॅलिफोर्नियात बर्कली इथे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी हातात धरता येईल अशा चिपवरचं अतिवाहक विद्युतमंडल पूर्ण शून्याच्या जवळ थंड केलं. भटक्या सूक्ष्मलहरी आत शिरू नयेत म्हणून तारांवर गाळण्या बसवल्या. तेव्हा असंख्य इलेक्ट्रॉनांचा तो अख्खा प्रवाह एकाच कणासारखा वागला आणि जो अडथळा ओलांडायला त्याच्याजवळ ऊर्जा नव्हती, त्याच्या आरपार निघून गेला. या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. आजच्या क्वांटम संगणकांचे कित्येक नमुने याच जातीच्या मंडलांवर उभे आहेत, आणि ते बनवणाऱ्यांचा बहुतेक वेळ बातमी फुटू न देण्यातच जातो.

उलट बाजूही विसरू नका. कॅरमचा बोर्ड टणक का आहे? जुन्या भौतिकीप्रमाणे केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत एका सेकंदाच्या साधारण शंभर अब्जाव्या भागात केंद्रावर कोसळला असता. तो कोसळत नाही, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहत नाहीत, म्हणून पदार्थ जागा व्यापून उभा राहतो. फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांनी १९६७ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. न्यूटनच्या नियमाने धावणारी सोंगटी ज्या बोर्डावर धावते, तो बोर्डच क्वांटमच्या जोरावर उभा आहे.

७. ‘आणि’चं ‘किंवा’ झालं, पण कोणतं?

मागच्या रांगेतला प्रश्नकर्ता हुशार असेल तर आता पुन्हा हात वर करील. “समजलं. परिसरामुळे ‘या पॉकेटात आणि त्या पॉकेटात’चं ‘या किंवा त्या’ होतं. पण या की त्या, ते कोण ठरवतं?”

इथे डीकोहिअरन्स गप्प बसतो. तो दोन शक्यतांचं मिसळणं थांबवतो, त्यातली एक पुसून टाकत नाही. समीकरणांत दोन्ही तशाच असतात, फक्त एकमेकींना भेटेनाशा होतात. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये याचा सरळ अर्थ लावला: दोन्ही घडतात, आणि पाहणाऱ्यालाही फांद्या फुटतात. बोरच्या वळणाचे लोक म्हणतात, समीकरणं आपल्याला शक्यता मोजायला दिली आहेत, त्यांच्याकडून जास्त मागू नका. तिसरा गट म्हणतो, समीकरणंच अपुरी आहेत. लाट अधूनमधून आपोआप, खरोखरच कोसळते; एकट्या कणाची अतिशय क्वचित, पण मोठ्या वस्तूत इतके कण असतात की तिथे ती क्षणात कोसळते. १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर या तिघांनी असं एक गणित मांडलं. रॉजर पेनरोज यांनी कोसळण्याचा दोष गुरुत्वाकर्षणावर टाकला.

तिसऱ्या गटाची गोष्ट प्रयोगाने तपासता येते, म्हणून मला ती आवडते, पटत नसली तरी. लाट खरोखर कोसळत असेल, तर या विचाराच्या साध्या रूपांनुसार कण सतत किंचित हिसके खातील आणि विद्युतभारित कणांतून अगदी मंद प्रारण बाहेर पडेल. इटलीत ग्रान सासो पर्वताखाली, वर सुमारे १४०० मीटर खडक ठेवून, जर्मेनियमच्या तुकड्याभोवती शिशाचं कवच घालून संशोधकांनी ते प्रारण येतं का पाहिलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुरुत्वाकर्षणाच्या कल्पनेच्या सर्वांत साध्या रूपाने जेवढं प्रारण सांगितलं होतं, तेवढं दिसलं नाही. ते रूप बाद झालं. जरा गुंतागुंतीची रूपं अजून शिल्लक आहेत.